करड्या लोकरीच्या सपाता

रग्नाने दोन्ही सपाता वॉशिंग मशीनमध्ये कोंबल्या, वर एक जुनी जीन्स आणि टेनिसचे चेंडू टाकले आणि बटण फिरवून साठ अंशांवर आणलं.

"माझ्या का त्या?" खोकं उचलून दारात थांबलेल्या हालवरने विचारलं. "घोड्याला येतील."

"दरवर्षी हेच म्हणतोस."

"दरवर्षी घोड्याच्याच दिसतात."

"आणि दरवर्षी तुझ्याच पायात जातात. तेव्हा घोडा कोण, ते तूच ठरव."

हालवर हसला. आज हसणं बरं दिसत नाही हे मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो खोकं घेऊन घाईघाईने गाडीकडे गेला. त्या खोक्यात त्याची बुटं, रेडिओ आणि वॅफलचा जुना साचा होता. साचा त्याच्या आईचा, तेव्हा त्याबद्दल तक्रार नव्हती.

सपाता मुद्दामच अवाढव्य विणायच्या असतात. गरम पाण्यात आपटून आपटून लोकर आटते, टाके दिसेनासे होतात आणि जाड, घट्ट नमदा तयार होतो. मग ओल्या असतानाच ज्याच्या त्याच्या पायात घालून त्या पायाच्या मापाने बसवायच्या. रग्ना दर हिवाळ्याआधी घरातल्या माणसांसाठी एकेक जोड करायची. लेक तिरिल लग्न होऊन गेल्यावर घरात माणसं उरली दोन, आणि गेल्या महिन्यात त्यातल्या एकाने जेवता जेवता सांगितलं, की तो फ्योर्डच्या खाडीपलीकडे शहरात राहायला जातोय, बोदिलकडे. बोदिल म्हणजे लोकरीच्या दुकानातली बोदिल. हे सांगून झाल्यावर त्याने बटाटे पुढे मागितले होते आणि रग्नाने ते दिले होते.

"जाणाऱ्या माणसाला सपाता?" शेजारची सोलफ्रिद फोनवर ओरडली होती. "मी असते तर आत खिळे विणले असते!"

"एक आधीच झाली होती," रग्ना म्हणाली होती. "एका सपातेचं काय करू?"

यापेक्षा बरं उत्तर तिच्याकडे नव्हतं. राग यावा म्हणून तिने वाट बघून पाहिली, पण तो आला नाही, रडूही आलं नाही. अंगावर ओलं गोणपाट टाकल्यासारखं सगळं बधिर होतं. परवा तर ओव्हनमधला तवा तिने नुसत्या हाताने बाहेर काढला आणि तळहात लाल झालेला पाहून मग तिला कळलं. सुया तेवढ्या चालत होत्या. त्या चालायला माणूस जागेवर लागत नाही.

मशीन गडगडू लागलं तसं तिने कॉफी ठेवली. हालवर टेबलाशी नेहमीच्या खुर्चीवर बसला, मग उठून समोरच्या, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला. बिचाऱ्याला घर सोडण्याचेही रीतिरिवाज असतात असं वाटत होतं.

"तिकडे फरशी फार गार आहे," तो म्हणाला. "दुकानाच्या वरच राहतो ना आम्ही. खाली रात्री हीटर बंद असतो."

"बोदिल विणत नाही?"

"विणते. पण तिची वीण घट्ट. तुझ्यासारखं जमत नाही म्हणते." एवढं बोलून त्याने कॉफीत तोंड घातलं.

रग्नाने चीजचा पातळ काप काढून पावावर ठेवली आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. तिला एकच गोष्ट विचारायची होती. ती तिने आधीही विचारली होती, तरी पुन्हा विचारली.

"तुमचं सप्टेंबरपासून, म्हणालास ना?"

"हो. गायनमंडळाची सहल होती तेव्हा. सांगितलं की तुला."

"सांगितलंस."

सप्टेंबर तर सप्टेंबर. म्हणजे जून शाबूत होता. जूनमध्ये तिरिलचं लग्न झालं. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा हालवर ग्लास घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, की हिच्याशिवाय मला घरातले मोजे सापडत नाहीत, पण ते जाऊ द्या; उद्या पुन्हा पहिल्यापासून विचारायची वेळ आली, तर मी पुन्हा हिलाच विचारीन. मांडवभर माणसं डोळे पुसत होती. जावयाचा बाप, चांगला ट्रकवाला, तो हमसून रडला. रग्नाजवळ सध्या जे काही होतं ते एवढंच होतं. बाकी सगळं त्याने न्यावं, साच्यासकट न्यावं, तिची हरकत नव्हती.

मशीन थांबलं. तिने दार उघडून हात घातला आणि पहिली सपात बाहेर आली. हवी तशी आटलेली, जाडजूड, टाक्यांचा मागमूस नसलेली. "वा," हालवर मागून म्हणाला.

दुसरी बाहेर येता येईना. ती जीन्सला गुंडाळली होती. रग्नाने ओढली, ओढत राहिली, आणि विणली होती तेवढीच्या तेवढी, टाका न् टाका दिसणारी लांबलचक पिशवी तिच्या हातात लोंबू लागली.

"ही धुवायची राहिली का?" हालवरने विचारलं. त्याला लोकरीतलं ओ की ठो कळत नसे.

रग्नाने पाणी पिळून वीण बोटांत धरली. गुळगुळीत होती. ही मशीनमध्ये धुता यावी म्हणून औषध लावलेली लोकर. ही उकळली तरी आटत नाही. एरवी डोळे मिटूनही तिच्या बोटांना हे पहिल्या ओळीत कळलं असतं.

"पहिली सपात घरातल्या लोकरीची," ती सावकाश म्हणाली. "ही तू आणलेल्या गुंड्यांची."

"रंग तोच होता. मी नीट बघून घेतला."

"रंग तोच आहे. तिने तुला विचारलं नाही, आटवायची की साधी?"

"कोणी?"

"बोदिलने. ती सगळ्यांना विचारते, हालवर. मी वीस वर्षं तिच्याकडून लोकर घेतेय, मलासुद्धा दर वेळी विचारते. सोलफ्रिद तर चिडते. आणि सपातांसाठी म्हणून सांग, असं मी तुला बजावलं होतं. तू कधी निरोप विसरत नाहीस. त्या दिवशी तिने विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस."

हालवरचे कान लाल व्हायला लागले. लपवाछपवीच्या कामी त्याचे कान त्याला कधीच उपयोगी पडले नव्हते.

"तू गुंडे आणलेस तेव्हा मी तुझा सणाचा सदरा इस्त्री करत होते," रग्ना म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सतरा मेची, राष्ट्रीय दिनाची मिरवणूक होती."

बाहेर छपरावरून पाणी गळत होतं. हालवरने कॉफीचा कप उचलला, रिकामा आहे हे पाहून खाली ठेवला.

"मे," तो म्हणाला.

"मे."

"पण लग्नात बोललो ते खरं होतं, रग्ना. तेव्हा ते खरंच वाटत होतं मला."

"मोजे काढ," ती म्हणाली.

तो वाकला. मग त्याने मोजा काढला. रग्ना खाली बसली, आटलेली सपात त्याच्या उजव्या पायात चढवली, टाच दाबली, अंगठ्याशी दाबली, घोट्याजवळची कड वळवून बसवली. हा पाय तिच्या इतका ओळखीचा होता की हात आपोआप चालले. तिला काहीच वाटलं नाही. सपात छान बसली.

"दुसरी..." हालवर चाचरत म्हणाला. "म्हणजे घाई नाही. पुढेमागे कधी..."

"दुसरी तिला विणायला सांग. लोकर तिच्याच दुकानात आहे." तिने सपात काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि त्याच्या हातात दिली. "कागद भरून वाळव. जा आता, फेरीबोट चुकेल."

गाडी उतारावरून गेल्याचा आवाज आला, मग तोही संपला. रग्नाने ताटली धुतली, टेबल पुसलं. ती मोठी सपात खुर्चीवर तशीच पाणी गाळत पडली होती. तिने ती खाली ठेवली आणि काही विचार न करता बूड टेकून एक पाय आत घातला. जागा उरली म्हणून दुसराही घातला. दोन्ही पाय आरामात मावले.

सपातेतलं पाणी आता पार गार झालं होतं. ते बोटांच्या बेचक्यांत शिरलं, तळव्यांत शिरलं, घोट्यांपर्यंत चढलं. पाय आधी आखडले, मग ठणकायला लागले, आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं, चांगलं मोठ्याने. मग ती जूनसाठी रडली. महिन्याभरात तिला पहिल्यांदाच कुठेतरी दुखत होतं, आणि म्हणून तिने पाय बाहेर काढले नाहीत.