दुसरा ब्रेक

सकाळी सव्वासातला मास्तरांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. साखर काबूत होती. लायपेज मात्र असायला हवं त्याच्या अडीचपट.

मास्तर ड्रायव्हिंग शाळेत गाडी शिकवत. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी समजावलं, की लायपेज म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक रसातला एक घटक. मधुमेह असलेल्यांच्या रक्तात तो कधीकधी उगाचच चढलेला सापडतो. पोट दुखत नसेल तर नुसत्या आकड्याला भ्यायचं नाही, लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायचं. दुखत असेल तर मात्र थेट हॉस्पिटल.

दुखतंय का, या प्रश्नावर मास्तरांनी "छे" म्हणून फोन ठेवला.

त्या "छे"वर बायकोचा काडीचा विश्वास नव्हता. पायाचं बोट मोडलं तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं. त्यात दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिकाऊंची लायसन्सची परीक्षा. हा माणूस अंथरूण धरायचा नाही, हे ती ओळखून होती. लॅबपर्यंत शाळेची गाडी मी चालवते, असं तिनं जाहीर केलं.

ती मास्तरांची सर्वांत जुनी आणि सर्वांत वाया गेलेली विद्यार्थिनी. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ती चालवायला बसली की मास्तर तो इतका दाबत, की गाडी नेमकी कोण चालवतंय हेच कळू नये.

बागेपाशी स्पीडब्रेकर आला. तिनं मुद्दामच वेग कमी केला नाही. गाडी उडाली आणि धाडकन आपटली. ओरडा आला नाही. ब्रेकही लागला नाही. मास्तर दोन्ही हातांनी पोट दाबून, डोळे मिटून बसले होते.

तिनं इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली.

"कधीपासून?"

"परवा जेवल्यापासून. पाठीत कळ जाते." जरा दम खाऊन ते म्हणाले, "क्लच न दाबता थांबवलीस. बंद पडली बघ."

"गाडी पडू दे बंद. अहो, तुम्ही बंद पडू नका म्हणजे मिळवलं."

ते हसले. हसतानाच कळ आली, तशी तिनं पुन्हा गाडी चालू केली. लॅब मागे टाकून ती थेट हॉस्पिटलात पोचली आणि दोन गाड्यांची जागा अडवून तिनं ती लावली. मास्तर तिच्या खांद्याचा आधार घेऊन उतरले.

दुपारी दोनपर्यंत दुसरा रिपोर्ट आला नव्हता. हाताला सलाईन होतं. उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, असं मास्तरांनी स्वतःच शाळेला कळवलं होतं. नर्सनं येऊन दुखतंय का म्हणून विचारलं. मास्तरांनी आधी बायकोकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "बरंच."