डावी बाही

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून डोंगर, झाडं, पाणी एवढंच रंगवत होते, आणि प्रत्येक चित्रात कुठेतरी एक लाल ठिपका टाकत होते. तो ठिपका म्हणजे माणूस. लांबचा, पाठमोरा, कुणीही. "नुसतं हिरवं बघून डोळ्याला झापड येते," ते म्हणायचे. "चिमटा काढायला तेवढा लाल हवा." खरा माणूस मात्र त्यांना समोर खपत नसे. कुणी देखाव्यात आलं की बसल्या जागेवरून हात हलवायचे, सरका, तिकडे सरका. गुराखी सरकत, शाळेची पोरं सरकत. एकदा जमीन मोजायला आलेल्या साहेबाला त्यांनी तिपाईसकट हटवलं होतं आणि साहेबही मुकाट हटला होता. म्हाताऱ्याच्या नादी कोण लागतो.

त्यांची धाकटी बहीण गावाबाहेरच्या जुन्या धान्याच्या कोठारात गॅलरी चालवायची. भिंतींना चुना, वर दिव्यांच्या माळा, आणि दर वसंतात पंधरा दिवस प्रदर्शन. शहरातली माणसं गाड्या काढून यायची, भिंतीवरचा डोंगर डोळे बारीक करून बघायची आणि दाराबाहेरच्या खऱ्या डोंगराकडे पाठ करून फोटो काढायची. बहिणीची जीभ म्हणजे कात्री. चित्र विकलं की ती त्याखाली लाल टिकली चिकटवायची. "आमच्या दादाला धीर कुठला," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "तो टिकली आधीच रंगवून देतो."

या वर्षी चौथ्या दिवशी टेलरबाई आल्या.

टेलरबाईंना सगळा गाव ओळखत होता, कारण सगळ्या गावाची मापं त्यांच्या वहीत होती. पण मागच्या वसंतापासून लोक त्यांच्याशी जपून बोलत. त्यांची वीस वर्षांची एकुलती एक लेक एका सकाळी भांडून घराबाहेर पडली ती परत आली नाही. बसच्या कंडक्टरने सांगितलं, लाल जाकीट घातलेली एक मुलगी दुपारच्या गाडीला चढली होती. पोलिसांनी तेवढं लिहून घेतलं. उरलेलं गावाने आपल्या मनाने लिहिलं, आणि ते काही चांगलं नव्हतं. टेलरबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. पोरगी शहरात आहे, रागावली आहे, राग उतरला की फोन करेल. एवढ्या एका धाग्यावर ती बाई वर्षभर तग धरून होती.

गॅलरीत त्या कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी पडद्यांचं माप घ्यायला आल्या आणि चौदा नंबरच्या चित्रापुढे थांबल्या त्या थांबल्याच. टेप हातात तसाच लोंबत होता. चित्र वरच्या खाणीचं होतं. दगडाची जुनी खाण, बंद पडून पाणी साठलेली, काठावर कोवळं गवत आणि पिवळी फुलं, आणि डाव्या कडेला तो लाल ठिपका.

"दादा, जा बाबा, सांग त्यांना," बहीण कुजबुजली. "त्यांना ती आपली पोरगी वाटतेय. मला विचारत होत्या, कधीचं चित्र आहे. मी मागे बघितलं तर तारीख नेमकी त्याच दिवसाची. जा, सांग, ठिपका आहे म्हणावं, सगळ्यात असतो."

मास्तर गेले. घसा खाकरला. "बाई, हा आपला नुसता ठिपका हं. माझी खोड आहे. हे बघा, या चित्रात पण आहे, त्या पलीकडच्या चित्रात पण."

टेलरबाई खरंच एकेक चित्र बघून आल्या. नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून बघितलं. मग परत चौदा नंबरपाशी आल्या.

"त्या सगळ्यांत एकच लाल आहे," त्या म्हणाल्या. "यात दोन आहेत."

"म्हणजे?"

"मास्तर, त्या जाकिटाला कापड कमी पडलं होतं. डावी बाही दुसऱ्या ताग्यातली लावली मी, जरा गडद. ती म्हणाली, आई, लोक हसतील. मी म्हटलं, लांबून कुणाला कळतंय." त्यांनी बोट चित्रापासून वीतभर लांब धरलं. "तुम्हाला कळलं बघा लांबून."

मास्तरांनी चष्मा वर केला आणि वाकले. ठिपक्याच्या डाव्या अंगाला गडद लालाचा एक फटकारा होता, केसाएवढा. तो आपण दिलाय हे त्यांना आठवत नव्हतं. पण हात आपलाच होता, यात शंका नव्हती.

"होती ना ती?" टेलरबाईंनी विचारलं.

"होती," मास्तर म्हणाले.

"बोलली तुमच्याशी?"

"नाही. लांब होती."

"रडत होती?"

"नाही. उभी होती नुसती. पाण्याकडे बघत."

टेलरबाईंनी डोळे मिटले. "लहानपणापासून तसंच तिचं. माझ्याशी वाजलं की खाणीवर जाऊन बसायची. डोकं थंड झालं की यायची खाली." त्या हसल्या, वर्षभरात पहिल्यांदा. "म्हणजे रागात नाही गेली. वर जाऊन बसली, शांत झाली आणि मग गाडी पकडली. नाहीतर मी आपली रोज स्वतःला खात होते."

बहिणीने गल्ल्याशेजारची टिकली काढली आणि चौदा नंबरखाली लावली. "प्रदर्शन संपलं की हे तुमचं. पैशाबिशाचं बोलायचं नाही."

मास्तर बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत कुणीतरी विचारत होतं, चित्रकार कुठे आहेत. ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते खाणीवर गेले. गेल्या वर्षीच्याच दगडावर बसले, वाटेच्या तोंडाशी. खाणीवर जायला ती एकच पायवाट होती. बाकी तिन्ही बाजूंना सरळ कातळ. बसल्यावर सगळं आठवलं, आणि खरं सांगायचं तर ते विसरलेलं नव्हतंच, त्याच्यावर नजर टाकायची त्यांनी टाळली होती.

सकाळची वेळ होती. वसंतातलं वारं कानात शिरून डोकं धरतं म्हणून त्यांनी दोन्ही कानांत कापूस घातला होता. बहीण त्यावरून नेहमी चिडवायची, दादाच्या कानात गादी भरलीय म्हणून. पोरगी त्यांच्यामागून वाटेने आली, काही न बोलता पुढे गेली आणि डाव्या काठावर उभी राहिली. नेमकं तिथे पाण्यावर उजेड उतरला होता. हा उजेड वर्षातून चार-पाचच सकाळी सापडतो, आणि तोही पंधरा मिनिटं. मास्तर वैतागले. "ए पोरी," त्यांनी हाक मारली. तिने वळून बघितलं. त्यांनी हात हलवला, सरक, तिकडे उजवीकडे सरक. तिने मान हलवली आणि सरकली. उजवीकडच्या झुडपांमागे गेली. देखावा मोकळा झाला. मास्तर खूश झाले आणि कामाला लागले. नेहमीचा लाल ठिपका टाकताना हात आपसूक डाव्या काठावर गेला, ती उभी होती तिथेच.

मग ते तिथून उठलेच नाहीत. भाकरतुकडाही तिथेच बसून खाल्ला. ऊन गेल्यावर सामान आवरलं आणि घरी आले. वाट त्यांच्या दगडाला घासून जात होती. त्या वाटेने दिवसभरात खाली कुणी आलं नव्हतं.

दुपारच्या गाडीला कुठली लाल जाकीटवाली चढली असेल ती असेल. ही नव्हती.

आणि उजवी कड खालून पोकळ आहे हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. गुरांनाही कुणी तिकडे जाऊ देत नसे. मास्तर तर त्या कडेला पुरते ओळखून होते. दोन वर्षांपूर्वी तिच्यावरची भेग त्यांनी स्वतः रंगवली होती, आठ दिवस खपून, आणि ते चित्र चांगलं गाजलं होतं. पण त्या सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर कागदाची चौकट होती. चौकटीला डावं असतं आणि उजवं असतं. पोकळ जमीन चौकटीत दिसत नाही.

घरी येऊन त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं. ती चित्रांच्या याद्या बघत होती, तिने त्या बाजूला ठेवल्या.

"दादा," ती म्हणाली, "झाकली मूठ राहू दे. ती बाई काल हसली. तू बघितलंस ना? तू सांगून पोरगी परत येणार आहे का? पडली असेल, नाहीतर कदाचित तिच्याच मनात काही असेल, तुला काय माहीत? तू निमित्त."

"तिकडे मी पाठवली तिला."

"तू हात हलवलास. बावीस वर्षं हलवतोयस."

तीन दिवस मास्तर गॅलरीत गेले नाहीत. जेवण गिळवत नव्हतं. बहीण बरोबर बोलतेय असं सकाळी वाटायचं आणि दुपारपर्यंत ते उलटायचं. ती पोरगी पाण्यात एकटी पडली होती आणि हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, त्यातली एक म्हणत होती गप्प बस.

चौथ्या दिवशी ते टेलरबाईंच्या दुकानात गेले. जाताना मनाशी ठरवलं होतं, बघू, तोंड उघडलं तर उघडलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन चालू होतं, जमिनीवर चिंध्या आणि दोऱ्यांची गुंडाळी. मशीनच्या वर भिंतीला एक नवा खिळा ठोकलेला होता. चित्रासाठी असणार.

"या मास्तर," टेलरबाईंनी मशीन थांबवलं नाही. "हे बघा काय घेतलंय करायला." सुईखालून लाल कापड सरकत होतं. "नवं जाकीट. या वेळी कापड अर्धा मीटर जास्तच आणलं. दोन्ही बाह्या एका रंगाच्या. रागावलेली नाही म्हटल्यावर काय, आज ना उद्या येईलच की. थंडीच्या आत येईल."

मास्तर स्टुलावर बसले. त्या लाल कापडाकडे त्यांना बघवेना. ही बाई आता दर वर्षी एक जाकीट शिवणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

"बाई, मशीन थांबवा," ते म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. कापूस, उजेड, हाक, हात, झुडपं, एकच वाट. काही गाळलं नाही, भेगेचं चित्रसुद्धा. टेलरबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी कात्री उचलली आणि सुईला लागलेला दोरा कापला, नीट, लोंबता राहू नये इतका बारीक. मग विचारलं, "पोलिसांना सांगितलंत?"

"आधी तुमच्याकडे आलो."

"चला मग," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. समोरच होत्या, पण त्यांना सापडेनात. मास्तरांनी वाकून त्या त्यांच्या पायांपाशी सरकवल्या.

खाणीत दोन दिवस माणसं उतरली. काठावर अख्खा गाव जमला. वर्षभर ज्यांच्या जिभा चालल्या होत्या ते आता पदराने डोळे पुसत होते, मेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली, उजव्या कडेखाली, कोसळलेल्या मातीच्या आणि दगडांच्या ढिगात अर्धी दबलेली. ओळखायला फारसं काही उरलं नव्हतं. जाकीट होतं. टेलरबाईंनी डावी बाही हातात घेतली, शिवण बघितली आणि मान हलवली. पोलिसांनी विचारलं त्याला त्या हो म्हणाल्या.

मास्तरांना कुणी बोल लावला नाही. फौजदारसाहेबाने जबाब लिहून घेतला आणि म्हणाला, अपघात आहे, तुमचा काय दोष. लोकही तेच म्हणाले. तसं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा मास्तरांना राग आला.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी चित्रं उतरवायचं काम चालू होतं. चौदा नंबरचं चित्र बहिणीने आधीच काढून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. भिंतीवर खिळा होता आणि खाली ती टिकली. ती काढायचं तिला सुचलं नव्हतं.

टेलरबाई दारातून आत आल्या. बहीण पुढे झाली, पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. सरळ त्या रिकाम्या खिळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, मास्तरांकडे तोंड करून. मध्ये सात-आठ पावलांचं अंतर होतं.

"चित्र नको मला," त्या म्हणाल्या. "एक दाखवा फक्त. हात कसा केलात?"

"बाई," बहीण म्हणाली.

"दाखवा मास्तर. मला बघायचंय."

मास्तरांच्या हातात चौकट होती. त्यांनी ती खाली ठेवली. हात उचलायला फार वेळ लागला. मग त्यांनी तो हलवला, छातीपासून बाहेर, दोनदा, जसा बावीस वर्षं हलवत आले होते तसाच.

टेलरबाईंनी मान हलवली आणि दोन पावलं सरकल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"त्या सकाळी मी तिला बोलले होते," टेलरबाई म्हणाल्या, "की तू कुणाचं म्हणून ऐकत नाहीस."