फुलं कोणतीही चालतील

फुलांपेक्षा फोटो महत्त्वाचा, हे मला पुण्याच्या एका कंपनीनं शिकवलं. ऑर्डर त्यांच्याकडे येते. गुच्छ मी दिग्रसला बांधायचा, त्याच दिवशी पोचवायचा आणि घेणाऱ्याच्या हातात देऊन त्याचा फोटो पाठवायचा. फोटो नाही तर डिलिव्हरी झालीच नाही, असा त्यांचा नियम. आता भल्या माणसाला त्याच्याच दारात उभं करून ‘हसा’ म्हणणं किती जिवावर येतं, ते पुण्यात बसून काय कळणार? एका रिटायर्ड मास्तरांनी तर आधी माझंच आधार कार्ड मागितलं होतं.

त्या गुरुवारी बारा गुलाबी लिलींची ऑर्डर आली. माझ्याकडे निशिगंध, शेवंती, झेंडू आणि गुलाब. लिली काय मी शेतातून उपटून आणू? तसं कंपनीला कळवलं, तर पाच मिनिटांत ऑर्डर देणाऱ्या मुलीचाच फोन. कंपनीशी भांडून माझा नंबर मिळवला म्हणाली.

“ताई, फुलं कोणतीही चालतील. फोटोत फक्त आईचा डोळा नीट दिसला पाहिजे.”

मी तडकले. “बाई, मी फुलवाली हाय. डोयाची डाक्टर नाई.”

तशी ती रडायलाच लागली. मग एकेक कळलं. तिचं नाव दीपा, नाशिकला बँकेत नोकरी. दोन महिन्यांपूर्वी तिनं कोर्टात लग्न केलं आणि घरी नंतर सांगितलं. आईनं, म्हणजे कांताबाईंनी, चार नातेवाइकांसमोर जाहीर केलं की दीपाचा फोन उचलणार नाही. भावानं, संघदीपनं, आपल्या फोनवर तिचा नंबरच ब्लॉक केला. काल वणीच्या मावशीकडून तिला कळलं की मागच्या आठवड्यात यवतमाळला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मावशीला पुढचं काही माहीत नव्हतं.

“आईचा दुसरा डोळा आधीच गेलाय, ताई. हा एकच आहे. त्याचं काय झालं, मला कोणी सांगत नाही.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझी अनघा नागपूरला शिकते. दोन रिंगांत तिनं फोन उचलला नाही, तर मी तिच्या रूममेटचा जीव खाते.

नवरा मंडप सजवायला पुसदला गेला होता. दुकान शेजारच्या रसवंतीवाल्याच्या भरवशावर टाकलं. कांताबाईंच्या वस्तीतल्या बौद्ध बाया बुद्धपौर्णिमेला माझ्याकडून पांढरी फुलं नेतात, म्हणून निशिगंध आणि पांढरी शेवंती बांधली आणि स्कुटी काढली.

दार उघडलं ते दवाखान्याचा काळा चष्मा घातलेल्या बाईंनी. चष्म्यामागे काय आहे, काही कळेना.

“कोन व?”

“फुलवाली शीला. तुमच्यासाठी फुलं हायेत, मावशी.” गुच्छाला लावलेली चिठ्ठी मीच वाचून दाखवली. “आई, जिवाला जप. दीपा.”

त्यांचा चेहरा दगड झाला. “मले नाई पायजे. ने परत.”

“कंपनी परत घेत नाई.”

“मंग तिकडं ठेव, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर. माह्या हातात देऊ नोको.”

“हातात घेऊनच फोटो काढा लागते. नेमच हाय तसा.”

“माहा फोटो कायले पायजे?”

खोटं बोलता आलं असतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हटलं, “तुमचा डोया पाहाले. तुमची पोरगी सकाळपासून रडून राह्यली.”

कांताबाई चौकट धरून उभ्या राहिल्या. “तिले कोनं सांगतलं?”

“वणीच्या मावशीनं.”

“तिच्या पोटात काईच राहत नाई!” असं म्हणून त्या आत निघून गेल्या. मी गुच्छ घेऊन उभी. झालं, आता ही डिलिव्हरी गेली, असंच मला वाटलं.

आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. पाच-दहा मिनिटांनी बाई बाहेर आल्या, त्या घडी मोडलेलं निळं लुगडं नेसून, केस चोपून विंचरून.

“अंगनात चाल. घरात अंधार हाय, फोटोत काई दिसनार नाई.”

अंगणात ओसरीच्या सावलीत त्या फाटकाकडे तोंड करून बसल्या, गुच्छ छातीशी धरला आणि चष्मा काढला. डोळा कडेला जरासा लाल होता, पण टक्क उघडा. तरी मी विचारलंच, “दिसते ना?”

“तुह्या गाडीचा नंबर वाचू?” आणि फाटकाबाहेरच्या माझ्या स्कुटीचा नंबर त्यांनी एमएच एकोणतीसपासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला. मला तो अजूनही पाठ नाही. जाऊन पाहिलं, तर अगदी बरोबर. मला इतकं हायसं वाटलं, की या बाईंना आपण तासाभरापूर्वी ओळखतही नव्हतो, हे विसरलेच.

फोटो जवळून काढला. फुलं निम्मी कापली गेली. कंपनीला बोंबलू दे. दीपालाही पाठवला आणि खाली लिहिलं, ‘गाडीचा नंबर लांबून वाचला.’ लगेच निळ्या खुणा आल्या. उत्तर मात्र काही येईना.

“पायला का तिनं?”

“पायला. रडत असन.”

“लगन केलं त्याचं काई नाई व,” कांताबाई गुच्छाकडे बघत म्हणाल्या. “मले सांगतलं नाई, त्याचं लागलं.”

मग त्यांनी कमरेचा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. “दीपाचा नंबर लावून दे. बारीक अक्षर अजून दिसत नाई.”

मी पाहतच राहिले. “पन तुमी तं चार लोकाईत सांगतलतं ना?”

“फोन उचलनार नाई म्हटलतं म्या,” त्या म्हणाल्या. “करनार नाई, असं कवा म्हटलं?”

मी नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी दिला. अर्धी रिंगही वाजली नाही, तोच तिकडून ‘आई!’ ऐकू आलं.