बशीतली चार बटणं

सुनेची नर्सिंगची तोंडी परीक्षा अकरा वाजता होती. वय एकेचाळीस, आणि ही दुसरी खेप. मागच्या वेळी, पेशीत शक्ती कशी तयार होते, या एका प्रश्नावर तिची बोबडी वळली होती. आता नापास झाली तर पुन्हा बसता येणार नव्हतं.

मी निवृत्त ग्रंथपाल. मला यातलं कळतं असं म्हणवत नाही, पण आठवडाभर तिचं पुस्तक वाचलं होतं. सकाळी चहाच्या टेबलावर मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेऊन बसलो.

बशीत चार काळी ठेवली. "हे घरचे, म्हणजे पेशीतले चार कार्बन. आणि हे दोन पांढरे पाहुणे, म्हणजे खाल्लेल्या अन्नातून उरलेला दोन कार्बनांचा तुकडा. मिळून सहा. हे झालं सायट्रिक आम्ल."

"लिंबातलं?" बायकोने विचारलं.

"तेच."

"तरीच सकाळी तुमचं तोंड असं असतं."

सून हसली नाही. मी घाईने दोन काळी बटणं बशीबाहेर काढली. "हे कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे गेले."

"बाबा, आले पांढरे आणि गेले काळे?"

"पहिल्या फेरीत पाहुणे राहतात, घरचेच बाहेर पडतात."

"माझे भाऊ आले की हे वाचनालयात जातात ना, तसंच," बायको म्हणाली.

"आणि शक्ती?" सुनेने विचारलं.

"ती फेरीत मोकळी होते. बरीचशी वाहक रेणू पुढे नेतात, आणि तिथे तिच्यावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं. पेशी ते वापरते."

एवढं सांगून मी उरलेली चार बटणं डब्यात टाकली आणि झाकण लावलं. काम झालं की वस्तू जागेवर, ही माझी चाळीस वर्षांची सवय.

सून रिकाम्या बशीकडे बघत राहिली. "मग पुढच्या पाहुण्यांना घेणार कोण?"

मी डब्याच्या झाकणावरचा हात काढला.

"यांच्यापुढे चहाचा कपसुद्धा अर्धा असताना विसळला जातो," बायको म्हणाली.

सुनेने डबा उघडला, चार बटणं बशीत ठेवली, दोन नवी आणली आणि न अडखळता सगळी फेरी स्वतः म्हणून दाखवली.

दुपारी तिचा फोन आला. "बाबा, त्यांनी विचारलं, फेरीच्या शेवटी उरलेले चार कार्बन काढून घेतले तर काय होईल? मी म्हटलं, सगळं ठप्प होतं. आमच्याकडे सकाळीच झालं होतं."

"मग?"

"पास. आईंना सांगा."

सांगितलं. बशी अजून चार बटणांसकट टेबलावरच होती. उचलायला मी हात पुढे केला. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला.