गंगूमावशी गद्दार नाही

फळा. शुक्रवार.

'परग्रह'चा ताजा अंक. मुखपृष्ठावर आकाशात तीन सूर्य, पण सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला. चित्रकाराने एकदा उन्हात उभं राहून पाहावं. यानात आग लागली तर धूर वर गेला. वर म्हणजे कुठे? तिथे वर नसतं. गोष्ट दोन पानं बरी चालली, मग कर्णधार भाषण द्यायला लागला. कर्णधार भाषण देतो तेव्हा लेखकाला पुढचं सुचलेलं नसतं. — रा. धु.

मागची पानं

लालबागच्या त्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा काळा फळा आहे. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, फळा काही हलला नाही. पाणी कधी जाणार, कोण वारलं, रक्तदान कुठे, हे सगळं त्यावर. आणि शुक्रवारी रामदास धुरीचं मत. गल्लीतले निम्मे लोक 'परग्रह' विकत घेतच नसत. फळा वाचला की झालं. आपटणारा दिसला म्हणजे कुस्ती कळते, आपटला जाणाऱ्याला भेटायला कोण जातं?

'परग्रह' म्हणजे दादरच्या दोन खोल्यांतून दर गुरुवारी निघणारं विज्ञानकथांचं चित्रसाप्ताहिक. लिहिणारा आणि काढणारा एकच, यशोधन मेस्त्री. तो याच गल्लीतला. धुरींच्या आणि मेस्त्रींच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती आणि तिला वरून फट होती, त्यामुळे रामदासला पडलेला मार यशोधनला ऐकू यायचा आणि यशोधनचा रामदासला. पहिल्या अंकापासून रामदासने एकही गुरुवार सोडला नव्हता. त्याचं प्रेम होतं का त्या साप्ताहिकावर? होतं. पण प्रेम फळ्यावर लिहायची पद्धत नाही.

आणि त्यात गंगूमावशी होती.

चाळीत कुणाचा स्टोव्ह पेटेना झाला की तो गंगुबाई धुरींकडे यायचा. रामदासची आई अंबाड्यातली पिन काढायची, भोकात घालायची, दोन शिव्या द्यायची, स्टोव्ह भडकायचा. यशोधनने ती उचलून जशीच्या तशी अंतराळात नेली. यानाचं इंजिन बंद, कर्णधार हताश, शास्त्रज्ञ रडकुंडीला, आणि मागून एक नऊवारीतली म्हातारी येते, पिन काढते आणि म्हणते, "सर मेल्या बाजूक." इंजिन चालू. अख्ख्या चाळीने तो अंक हातोहात फिरवला होता. तेव्हापासून गंगुबाई गल्लीची इंजिनवाली झाली.

आता ती ऐंशीच्या पुढे होती, डोळे काचबिंदूने नेलेले. गुरुवारी जेवणं झाली की रामदास नवव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून तिला अंक वाचून दाखवायचा. चित्रंसुद्धा सांगायचा. ती ऐकायची आणि शेवटी, आपण त्या गोष्टीत आलोय का, एवढं एकच विचारायची, "मी इलंय काय ह्या टायमाक?"

फुटलेली चौकट

गणपतीच्या दोन महिने आधीच्या एका गुरुवारी यशोधनने ते केलं.

शेवटचं पान. यंत्रांच्या राजाचा महाल. राजाच्या पायाशी पाठमोरी बाई. ती वळते. अंबाडा, कुंकू, नाकात नथ. कर्णधार ओरडतो, "गंगूमावशी! तू?" आणि ती हसते. इतकी वर्षं इंजिन दुरुस्त करायच्या निमित्ताने ती यानाची सगळी गुपितं यंत्रांना पोचवत होती.

रामदासने ते पान आईला वाचून दाखवलं नाही. त्याने त्या जागी पटकन एक धूमकेतू आणून आपटला. "मी इलंय काय?" "नाय गो, पुढच्या टायमाक." त्या दिवसापासून तो दर गुरुवारी आईपुरता वेगळा अंक तोंडाने रचू लागला. त्यातली गंगूमावशी रजेवर कोकणात गेली होती.

त्या शुक्रवारी फळ्यावर एकच ओळ होती:

गंगूमावशी गद्दार नाही. लेखक आहे.

फुगे

मंडळाचा सेक्रेटरी अभय, तिशीतला, घाईघाईने वर आला.

"काका, ते गद्दार पुसा ना प्लीज."

"का? खोटं आहे?"

"खरंखोटं नाही ओ. लोकांना वाटतंय राजकारण आहे. दोन पक्षांचे फोन आले. दोघांनाही वाटतंय आपल्यालाच बोललात."

"मग दोघांनाही लागू आहे. राहू दे."

लिफ्टमधली पोरं: "काका, आजीकडे रिमोट असेल ना? आमचा वायफाय चालू करायला सांगा!" एकाने दारावर रोबोटचं स्टिकर चिकटवलं. रामदासने ते नखाने खरवडून काढलं आणि थेट यशोधनला फोन लावला.

"कित्या केलंस रे असा?"

"अरे, खप वाढला, रामू. लोकांना धक्का हवा असतो."

"मग तुझ्या आवशीक कर गद्दार!"

मग यशोधन अगदी गोड आवाजात म्हणाला, "माझी आई तुझ्या आईइतकी इंटरेस्टिंग नव्हती रे. आणि तू दर शुक्रवारी काय लिहितोस? गोष्टीत नवीन काही घडत नाही. आता घडलं. लिही की चांगलं."

रामदासने फोन ठेवला. रागाने त्याला जेवण गेलं नाही. ताटातल्या भाताकडे बघत तो मनात म्हणाला, थांब तू. तुझा हिशेब मी देवासमोर करतो.

हे म्हणताना त्याच्या डोक्यात काही नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी अभय पुन्हा वर आला. मंडळाने ठरवलं होतं, गणपतीत पहिल्या दिवशी भूमिपुत्र यशोधन मेस्त्री यांचा सत्कार. आणि मग अभयने हळूच विचारलं, "काका, यंदा गाऱ्हाणं रेकॉर्डेड लावलं तर चालेल?"

रामदासने त्याच्याकडे असं पाहिलं, की अभय जिन्यानेच खाली गेला.

गाऱ्हाण्याचा मान धुरींचा. आजोबांनी घातलं, वडिलांनी घातलं, आता रामदास घालायचा. कार्याच्या सुरुवातीला देवापुढे उभं राहायचं, सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, व्हय म्हाराजा. कोकणातल्या माणसाच्या बाबतीत तिथे कान आणि तोंड यांचा संबंध नसतो. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं.

पूर्ण पान, चौकटी नाहीत

"बा देवा गणराया, गल्लीच्या राखणदारा!"

*व्हय म्हाराजा!*

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत."

*व्हय म्हाराजा!*

"त्यातलो एक झील मोठो झालो, दादराक गेलो, पुस्तकां काढूक लागलो."

*व्हय म्हाराजा!* शाल पांघरलेला, मांडीवर नारळ घेतलेला यशोधनही डोळे मिटून म्हणाला.

"जिच्या हातची पेज खाऊन तो वाढलो, तिच्याच कपाळाक त्येना गद्दारीचो डाग लावल्यान."

*व्हय म्हाराजा!* पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पण आवाज काही जागच्या जागी थांबत नसतो.

"तो डाग त्याच्याच हातान, येत्या अंकात पुसून घे."

*व्हय म्हाराजा!*

"आणि नाय पुसल्यान, तर त्याच्या पेनातली शाई सुकव, त्याचा यान अर्ध्या वाटेत बंद पाड, आणि त्याचो खप सड्यावरच्या पाण्यासारखो आटवून टाक रे म्हाराजा!"

*व्हय म्हाराजा!*

हा शेवटचा सर्वांत मोठा आवाज यशोधनचा. सत्कारमूर्तीपुढे माइक लावलेला होता आणि तो चालू होता. स्पीकर गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. डोळे उघडल्यावर त्याला कळलं, आपण काय म्हणालो. मांडवात आधी कुणीतरी खोकलं, मग हसू असं फुटलं की आरती लांबली.

रात्रीच्या आत तो व्हिडिओ परळ ओलांडून गेला. खाली लिहिलं होतं, लेखकाने स्वतःलाच दिला शाप. रामदासने तो मोजून नव्हे, मन भरेपर्यंत पाहिला. इतकी गाढ झोप त्याला निवृत्त झाल्यापासून लागली नव्हती.

गुरुवार

डाग पुसला होता.

गंगूमावशी गद्दार नव्हतीच. ती यंत्रांच्या महालात राहून यंत्रांनाच फसवत होती. हे कर्णधाराला कळतं तेव्हा ती राजाच्या छातीत पिन खुपसून उभी असते. महाल फुटतो. पूर्ण पानभर स्फोट. मग काचेची शवपेटी, तिच्यात अंबाडा, कुंकू, नथ, आणि चारी बाजूंना सलाम.

रामदासच्या फोनवर यशोधनचा मेसेज होता: पुसला. होय महाराजा.

रिकामी चौकट

जेवण झालं. रामदास अंक घेऊन खिडकीशी बसला. गंगूमावशीला कोकणातून परत आणावं की अजून एक धूमकेतू, हे त्याचं ठरत नव्हतं. तो खाकरला.

"थांब," आई म्हणाली. "खोटा वाचू नको. मी मेलंय मा?"

त्याच्या हातातला अंक मिटला. "कोणी सांगल्यान?"

"मीराबाईन." मीराबाई म्हणजे आईला आंघोळ घालायला येणारी बाई. "दर खेपेक ती खाली स्टॉलवर उभी रवान वाचता आणि माका सांगता. तू काय सांगतंस ता पण आयकतंय. तुझो धूमकेतू बरो होतो."

"आये, मग तुका कळला होता... गद्दार..."

"कळला म्हणजे? आधी मी सणासुदीक येय, पिन घालून जाय. गद्दार झालंय तेव्हापासून दर अंकात मी होतंय. राजाच्या बाजूक बसान." तिचा आवाज चढला. "मीराबाई सांगी, राजाक माझ्याशिवाय घास जात नाय."

"लोक हसत होते गो."

"माझ्या वयाक लोक हसाक सुद्धा येत नाय रे!"

आईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"यशान नाय मारल्यान. तुया मारलंस. भर मांडवात, देवाक सांगान. तुझो राग धुवक माझो मुडदो पाडलंस." मग भिंतीकडे वळून तिने निकाल दिला. "आता जा दादराक. माका जित्ती करून घेवन ये. तवसर माझ्याशी बोलू नको."

दादर

लग्नपत्रिकांच्या दुकानावरच्या खोलीत यशोधन पाटीला कागद लावून बसला होता. रामदासला पाहून त्याने ब्रश धुवायला घेतला. घाई नव्हती त्याला.

"बस. चहा घेणार? तुझ्या गाऱ्हाण्याने शाई सुकली, चहा अजून ओला आहे."

"तिला जिवंत कर."

"कुणाला?"

"यशा, माजू नको."

"मी माजतो? अंक हातात पडायच्या आधी तू दोष शोधून ठेवतोस. माझ्या सासरची माणसं त्या गल्लीतून जातात, रामू. मेव्हणा मला धूर कुठे जातो ते विचारतो!" ब्रशचं पाणी झटकून तो म्हणाला, "करतो जिवंत. शवपेटी काचेची का काढली मी? पण एक शुक्रवार माझा. फळ्यावर चांगलं लिहायचं. नुसतं चांगलं. शेपूट न लावता."

रामदासच्या जिभेवर शिवी आली होती, ती त्याने गिळली. "लिहितो."

"आणि जिवंत हवी का इमानी हवी, ते सांग. इमानी म्हातारी मेली आणि विषय संपला. परत आणायची तर यंत्रंच आणणार तिला. मग ती त्यांचीच. दोन्ही नाही जमणार."

खाली कुणीतरी पत्रिकेच्या गुलाबी रंगावरून घासाघीस करत होतं. रामदास ते ऐकत उभा राहिला.

"बोल की."

"गद्दार," रामदास म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"गद्दार चालेल!"

यशोधनने हात जोडले. "व्हय म्हाराजा."

फळा. शुक्रवार.

'परग्रह'चा ताजा अंक उत्तम आहे. चित्रं सुंदर. कथा सुंदर. — रा. धु.

खडू ठेवायच्या आत मागे माणसं जमली. अभयने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "काका, बरं आहे ना? कुणी प्रेशर टाकलं का?" दूधवाला म्हणाला, "पाकीट पोचलेलं दिसतंय." आणि लिफ्टमध्ये एका पोराने अगदी मनापासून विचारलं, "काका, तुम्ही पण?"

रामदासने नऊ मजले मान वर केली नाही. आई त्याच्याशी अजून बोलत नव्हती. ताट पुढे सरकवलं की जेवायची, बस.

गुरुवार

शवपेटी अंधारातून तरंगत चालली आहे. लोखंडी हात तिला धरतात. काच सरकते. पानाच्या तळाशी, एकट्या चौकटीत, उघडा डोळा.

रामदासने ते जसंच्या तसं वाचलं. डोळा कसा काढलाय, तेही सांगितलं.

"परत वाच," आई म्हणाली.

त्याने परत वाचलं.

"कोणाच्या बाजून आसंय मी आता?"

"यंत्रांच्या."

"बरा झाला," ती म्हणाली आणि पाय पसरून उताणी झोपली. "त्या कर्णधाराक आता दाखवतंय."

फळा. शुक्रवार.

'परग्रह'चा ताजा अंक. मेलेल्या माणसाला उठवणं ही लेखकाच्या पोतडीतली सर्वांत हलकी युक्ती. ज्याला आपण मारलेलं माणूस मेलेलं ठेवता येत नाही, त्याने मारायच्या भानगडीत पडू नये. वाचकाने मनापासून शोक केला, त्याची भरपाई कोण देणार? शिवाय इतके दिवस बंद पेटीत, हवेविना, आणि म्हातारीच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा विस्कटलेलं नाही. चित्रकाराने कधी बाईमाणूस झोपून उठताना पाहिलेलं दिसत नाही. असा कमकुवत, भित्रा, कुणाच्यातरी दबावाखाली लिहिल्यासारखा वाटणारा अंक अलीकडे वाचनात आला नव्हता. — रा. धु.

लिहून झाल्यावर रामदास चार पावलं मागे गेला, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं का ते पाहून आला, आणि 'हलकी' या शब्दाखाली त्याने एक रेघ मारली.