पश्चिम खंय?

पार्वतीबाईंची नेमणूक कच्ची होती. बुधवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर ती पक्की व्हायची की संपायची, ते ठरणार होते. बाई तशा निश्चिंत होत्या. त्या "दक्षिण!" म्हणाल्या की अख्खी तिसरी एका झटक्यात दक्षिणेला वळे.

हेडमास्तर दाजींनी हा खेळ दारातून पाहिला. "बरो आसा," ते म्हणाले. "आता ह्योच खेळ खाडीर खेळूया."

गाव दर्या आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीवर. मुले नाचत खाडीकाठी गेली. दाजींनी विचारले, "पश्चिम खंय?"

सगळ्यांनी ठामपणे खाडीकडे बोट केले. म्हणजे बरोबर पूर्वेला.

"अगो सुगंधा, ती पश्चिम?"

"पाणी आसा मा, मास्तर!"

या मुलांच्या घरी कोणी पूर्व-पश्चिम म्हणत नसे. दर्याकडे आणि डोंगराकडे, बस्स. पाणी दिसेल ती पश्चिम, असे त्यांनी धरले होते. वर्गाच्या खिडकीतून दर्या दिसे, म्हणून उत्तरे बरोबर येत. बाईंचा चेहरा उतरला.

"आज कळला ता बरा झाला," दाजी म्हणाले. "खेळ तेच्यासाठीच तर आसता."

त्यात टोमणा नव्हता. आपण खेळ खेळलो तो मुलांची हुशारी दाखवायला. या माणसाने तोच खेळला, मुलांना काय समजले नाही ते शोधायला. बाईंना मनापासून कौतुक वाटले. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या उन्हात नवा खेळ सुरू झाला: सूर्याकडे तोंड ती पूर्व, पाठीमागे सावली पडते ती पश्चिम.

बुधवारी साहेबांची होडी अडकली आणि ते दुपार कलल्यावर पोहोचले. वर्गात त्यांनी पश्चिम विचारली. सगळी बोटे दर्याकडे गेली. साहेबांनी पेन उघडले.

आता गप्प राहिले की नोकरी पक्की. बाईंनी दाजींकडे पाहिले. ते कौले न्याहाळत होते.

"साहेब," बाई म्हणाल्या, "इथे त्यांना दर्या दिसतो. खाडीवर विचारून बघा."

सगळे खाडीकाठी आले आणि बाईंनी पायाशी पाहिले. सावल्या खाडीकडे पडल्या होत्या. सराव सगळा सकाळचा!

"पश्चिम?" साहेबांनी विचारले.

बाबलीने सावलीकडे बघून खाडीकडे बोट केले. त्याच्यामागून आणखी काहींनी. सुगंधाही वळली, पण मध्येच थबकली आणि मान वर करून सूर्याकडे बघू लागली.

"फिर रे मेल्या!" ती बाबलीवर ओरडली. "सूर्य दर्यात बुडाक चाललो. सावळी आता उलटी पडतली!"

बाबली डोके खाजवत फिरला. एकेक बोट फिरत गेले.

"ही तर एकमेकांना सांगतात," साहेब म्हणाले.

"सांगतात," दाजी म्हणाले, "पण कारण सांगतात, साहेब."

साहेब सुगंधाकडे वळले. "आणि सूर्य डोक्यावर असला, सावली पायाखाली असली, तर?"

सुगंधाने थोडा विचार केला. "मगे वाईच थांबूचा. सावळी सरकता तेव्हा कळता."

साहेब हसले आणि काठावरच्या उलट्या होडीवर कागद ठेवून त्यांनी तिथेच लिहिले: बाईंची नेमणूक कायम करावी.