उसना आर्म

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रक आहे. उंच चाके, हिरवा रंग, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. स्वभावाने मी पहिल्यापासून उतावळा. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा अंगावरचा रंग पुरता वाळलाही नव्हता, पण माझे सगळे लक्ष फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे होते.

उमेदीची वर्षे पळण्यातच गेली. पिठाची पोती, तंबू, जखमी माणसे, एकदा तर बँडवाल्यांचा भलामोठा ढोल, हौद्यात पडेल ते घेऊन मी डोंगर चढलो. उतरताना सैनिक माझ्या बॉनेटवर थाप मारत आणि मला पदक मिळाल्यासारखे वाटे. मग नव्या गाड्या आल्या. मला एका मैदानाच्या कडेला उभे केले आणि विसरून गेले. इंजिनात उंदरांनी संसार थाटला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आरसे नेले, दिवे नेले, शेवटी स्टिअरिंगचा आर्मही नेला. आर्म म्हणजे स्टिअरिंगच्या पेटीतून निघणाऱ्या शाफ्टवर बसणारा जाड लोखंडी दांडा. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, तेव्हा पुढची चाके त्याच्याच जोरावर वळतात. तो गेला आणि माझी चाके रुसल्यासारखी एका बाजूला तोंड करून पडली.

तिथून मला आबांनी उचलून आणले. तरुणपणी ते लष्करात माझ्यासारखेच ट्रक चालवत. त्यांचा मुलगा जहाजावर असतो आणि सून वेल्डिंगचे दुकान चालवते. दुकानामागच्या शेडमध्ये ही सासरा-सुनेची जोडी माझ्यावर राबू लागली. आबांच्या पायाला भिंगरी. इंजिन पहिल्यांदा खोकले तेव्हाच ते टोपी घालून सीटवर जाऊन बसले होते. सूनबाईचे काम वेगळे. एकेक भाग ती रॉकेलमध्ये धुवायची, तारेच्या ब्रशने घासायची आणि त्यावरचा आकडा उजेडात धरून वाचायची. जुन्या लष्करी गाड्यांचे भाग जुळ्या भावांसारखे दिसतात. आकडा वाचल्याशिवाय आणि माप घेतल्याशिवाय कोण कुणाचा ते कळत नाही.

आर्म शोधला तो आबांनी. भंगार बाजार पालथा घालून ते घरी आले आणि तान्ह्या बाळासारखा फडक्यात गुंडाळलेला तो दांडा त्यांनी उघडून दाखवला.

"माझ्यासाठी कधी इतकं हिंडला नाहीत," त्यांची बायको म्हणाली.

सून तेव्हा बाहेरच्या कामावर होती. आबांना धीर कुठला? तिची वाट न बघता त्यांनी आर्म बसवला आणि नट आवळून टाकला.

मित्रांनो, तो माझा नव्हता. बसताक्षणीच मला कळले. त्याच्या आतल्या दात्यांनी माझ्या शाफ्टला जेमतेम धरले होते. अंगणात फेरी मारताना आतून करकर होई. पण ट्रकने सांगावे कसे? मी वळायला किंचित उशीर केला, एवढेच माझ्या हातात होते.

"सांधे आखडलेत म्हाताऱ्याचे," आबा म्हणाले आणि त्यांनी मला आणखी ग्रीस पाजले.

जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघणार होती. रस्ता टेकडीवरून खाली बंदरापर्यंत, सगळा उतार. गल्लीतल्या मुलांना हौद्यात बसवायचे आबांनी कबूल करून टाकले होते. मला तर चैन पडेना. रस्त्यावर धावायला जीव आसुसला होता आणि त्याच रस्त्याची धडकी भरली होती.

फेरीच्या सकाळी मुले हौद्यात चढली. इंजिन सुरू झाले. सून निघण्याआधी शेवटचे म्हणून माझ्याखाली वाकली, आणि तशीच थांबली. मग उठून तिने इंजिन बंद केले आणि चावी मुठीत घेतली.

"आबा, आर्म खोलायला हवा."

"आत्ता? गाडी वळतेय की छान."

"शाफ्टचं टोक नटाच्या बाहेर दिसायला पाहिजे. ते आतच राहिलंय. आर्म पूर्ण बसलेलाच नाही."

"मला शिकवतेस गाडी?"

"शिकवत नाही. दाखवते. बघा, आणि मग तुम्हीच सांगा चावी द्यायची का."

तिने आर्म उतरवला, आतल्या दात्यांवर रंगाचा पातळ हात दिला, पुन्हा बसवला आणि काढला. सगळीकडे उठायला हवा तो रंग माझ्या शाफ्टवर एकाच कडेला उठला होता. त्याच कडेला दात्यांचा चुरा निघाला होता.

आबांनी त्या चुऱ्यावरून बोट फिरवले. मुलांना त्यांनी स्वतः एकेक करून खाली उतरवले. दुपारी रस्त्यावरून बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत गेल्या आणि मी शेडमध्ये आतल्या आत तडफडत राहिलो.

आबांनी सुनेशी अबोला धरला. ती जेवायला हाक मारी, ते भिंतीकडे बघून येत. मग एके सकाळी तेच दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझा तो ब्रश घे," ते म्हणाले. "या वेळी आकडा तू वाच. मी नुसता हिंडतो."

पुढचे मला त्यांच्या बोलण्यातून कळले. एका वीटभट्टीमागे माझ्याच जातीचा एक ट्रक होता. इंजिन नाही, चाके नाहीत, केबिनमध्ये कोंबड्या. आर्म मात्र जागेवर, आणि आकडा तोच. भट्टीवाल्याने तो खुशीने दिला. माझ्या अंगाला तो असा बसला की करकर कायमची थांबली.

मी रस्त्यावर धावायला तयार झाल्यावर आबांनी मला पहिल्यांदा बंदराकडे नेले नाही. त्या वीटभट्टीवर नेले. सुनेने त्या ट्रकच्या उघड्या शाफ्टला ग्रीस लावून तेलाचे फडके बांधले. आबांनी कोंबड्यांना वाट ठेवून वरून ताडपत्री घातली. मी शेजारी उभा होतो. त्याच्या हाताने मी वळत होतो, आणि त्याच्याकडे बघवत नव्हते.

मित्रांनो, जुन्या गाडीला रंग जरूर द्या, पण आधी वाकून तिच्या पोटाखाली बघा. आणि एकीला उभे करताना जिचे काही काढून घ्याल, तिला उघड्यावर टाकू नका.

आबा आजही मला घेऊन भंगार बाजारात जातात. सून ब्रश घेऊन शेजारी बसते. माझे सगळे भाग आता जागेवर आहेत. आम्ही वीटभट्टीवरच्या त्या ट्रकसाठी आर्म शोधतो आहोत.